लांब पल्ल्याच्या रडारची ऑपरेशनल टेस्ट : पहिल्यांदा टीममध्ये येणाऱ्यांसाठी

कारखान्यातली चाचणी झाली, जागेवरची चाचणी झाली, दोन्हींवर सह्याही झाल्या. मग आता पुन्हा कसली टेस्ट? माझ्या पहिल्या ऑपरेशनल टेस्टच्या वेळी मला हाच प्रश्न पडला होता, पण विचारायचा संकोच वाटला. मग पहिला आठवडा मी आधीच मोजलेले आकडे पुन्हा मोजत बसले. तुमचा तो आठवडा वाचावा म्हणून हे लिहिते आहे.

आधीच्या चाचण्या विचारतात की यंत्र करारात लिहिल्याप्रमाणे आहे का. ऑपरेशनल टेस्टचे प्रश्न दोन. या रडारच्या भरवशावर हवाई वाहतुकीचा कंट्रोलर दोन विमानांत ५ नॉटिकल मैलांचं अंतर निर्धास्तपणे राखू शकतो का? आणि रात्री तीन वाजता काही बिघडलं, तर ड्युटीवरचा टेक्निशियन ते हाताशी असलेल्या साधनांनी सावरू शकतो का? पुढचं सगळं या दोन प्रश्नांपाशी येऊन थांबतं.

मी मार्गस्थ वाहतुकीचं, म्हणजे विमानतळापासून दूर हवाई मार्गांवर असलेल्या विमानांसाठीचं, रडार धरून चालले आहे. पल्ला २०० ते २५० नॉटिकल मैल, अँटेनाची एक फेरी साधारण १० ते १२ सेकंदांची. त्याच अँटेनावर प्रायमरी, म्हणजे नुसत्या प्रतिध्वनीवर चालणारं, आणि सेकंडरी, म्हणजे १०३० मेगाहर्ट्झवर विचारून १०९० मेगाहर्ट्झवर विमानाच्या ट्रान्सपाँडरचं, म्हणजे आपोआप उत्तर देणाऱ्या संचाचं, उत्तर ऐकणारं.

१. डेटा येण्याआधी प्रश्न लिहून काढा

प्रश्न कंट्रोलरच्या भाषेत लिहा. ‘संसूचन संभाव्यता तपासणे’ असं लिहिलंत तर त्यातून कुणालाच काही कळत नाही. असं लिहा: शेजारच्या केंद्राकडून विमान हाती येण्याआधी किती मिनिटं ते पडद्यावर सलग दिसतं? दोन हवाई मार्ग एकमेकांना छेदतात तिथे लेबलांची, म्हणजे पडद्यावर विमानाशेजारी दिसणाऱ्या ओळखीच्या मजकुराची, अदलाबदल होते का? एक चॅनल (रडारच्या दोन जोड संचांपैकी एक) पडून दुसरं चालू होताना किती फेऱ्या कोऱ्या जातात?

प्रत्येक प्रश्नासमोर काय मोजायचं आणि किती आलं तर पास, हे त्याच दिवशी लिहून सही घ्या. मर्यादा नंतर ठरवायची म्हटली की ती आलेल्या आकड्याकडे ओढली जाते. कुणी मुद्दाम करत नाही, पण होतं. सुरुवातीला आधार हवा असेल तर युरोकंट्रोलचं (युरोपातल्या हवाई वाहतूक नियंत्रणाची संस्था) १९९७ चं रडार मानक पाहा. त्यात सेकंडरीसाठी ९७ टक्क्यांहून जास्त आणि प्रायमरीसाठी ९० टक्क्यांहून जास्त वेळा विमान दिसलं पाहिजे असं म्हटलंय.

२. हाताशी काय असायला हवं

- इकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना) दस्तऐवज ८०७१ चा तिसरा खंड (रडारच्या चाचण्यांबद्दल) आणि परिशिष्ट १० चा चौथा खंड
- कारखान्यातल्या आणि जागेवरच्या चाचणीचे पूर्ण अहवाल, सोबत सवलत देऊन पुढे ढकललेल्या त्रुटींची यादी
- जागेची आकाशरेषा, म्हणजे अँटेनाच्या उंचीवरून प्रत्येक दिशेला डोंगर किंवा इमारत किती अंशापर्यंत आड येते त्याचा आलेख
- मोड एस (प्रत्येक विमानाला त्याच्या पत्त्यानं वेगळं विचारणारं सेकंडरी) रडारला दिलेल्या ओळख-कोडचं पत्र, आणि शेजारच्या सगळ्या रडारचे कोड
- रडारचे ॲस्टेरिक्स या ठरावीक स्वरूपातले संदेश (कॅटेगरी ०४८ आणि ०३४) साठवणारा रेकॉर्डर, जीपीएसच्या वेळेशी बांधलेला
- तुलनेसाठी स्वतंत्र संदर्भ: एडीएस-बी रिसीव्हर (विमान स्वतःच प्रसारित करतं ती त्याची जागा ऐकणारा), शेजारच्या रडारचा डेटा, किंवा दोन्ही
- विश्लेषणाचं सॉफ्टवेअर. युरोकंट्रोलचं सॅस-सी अनेक ठिकाणी वापरतात
- एक जाड वही. चॅनल बदललं, कुणी दुरुस्तीला हात लावला, पाऊस आला, सगळं सेकंदासकट तिच्यात

पहिल्या दिवशी टीमप्रमुखांच्या बैठकीआधी सवलतींची यादी वाचा. पुढे सापडणाऱ्या निम्म्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा तिच्यातच असतं.

३. रडारला काय दिसणं शक्य आहे, ते आधी कागदावर काढा

क्षितिजाचं सूत्र पाठ करून टाका: विमानाच्या फुटांतल्या उंचीचं वर्गमूळ गुणिले १.२३, उत्तर नॉटिकल मैलांत. १,००० फुटांवरचं विमान साधारण ३९ मैलांपर्यंत दिसतं, १०,००० फुटांवरचं १२३ आणि ४०,००० फुटांवरचं सुमारे २४६ मैलांपर्यंत. अँटेना उंचावर असेल तर त्याच्या उंचीसाठी तेच सूत्र वापरून उत्तर यात मिळवा. आता त्यातून डोंगर वजा करा, आणि प्रत्येक उंचीचा नकाशा काढून भिंतीवर लावा.

हा नकाशा नसला की टीम आठवडाभर ‘५,००० फुटांवरची विमानं १५० मैलांवर का दिसत नाहीत’ यावर वाद घालते. ती दिसणारच नाहीत, पृथ्वी आड आहे. उलट नकाशा म्हणतो दिसायला हवं आणि विमान दिसत नाही, तिथून तुमचं खरं काम सुरू होतं.

तिरकं अंतरही लक्षात असू द्या. रडार जमिनीवरचं अंतर मोजत नाही, विमानापर्यंतचं सरळ अंतर मोजतं. ३६,००० फूट म्हणजे जवळपास ६ नॉटिकल मैल. ते विमान नकाशावर ८ मैल दूर असेल तर रडार १० मैल सांगेल. दोन्ही बरोबर आहेत. तुलना करताना रूपांतर विसरलात की जवळच्या सगळ्या विमानांत चूक दिसायला लागते.

४. वेळ आणि उत्तर दिशा पक्की करा (ही पायरी घाईनं उरकू नका)

लांब पल्ल्यावर अंतरातली चूक फार छळत नाही, छळतो तो कोन. अझिमथमध्ये, म्हणजे उत्तरेपासून मोजलेल्या कोनात, ०.१ अंशाची चूक झाली तर २०० मैलांवर विमान जवळपास ६५० मीटर बाजूला सरकतं. शेजारच्या रडारची चूक उलट्या बाजूला असेल तर एकाच विमानाच्या दोन खुणा दिसू लागतात.

पहिली तपासणी सूर्याची. सूर्य रेडिओ लहरींचाही स्रोत आहे आणि कोणत्या क्षणी तो कोणत्या दिशेला असतो हे गणितानं अचूक काढता येतं. उगवताना आणि मावळताना रिसीव्हरचं रेकॉर्डिंग घ्या, सूर्याची दिशा आणि रडारनं दाखवलेली दिशा ताडून पाहा. रडारची उत्तर दिशा खरी आहे की चुंबकीय, हेही लेखी विचारून घ्या. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

दुसरी तपासणी घड्याळाची. इथे आमची दोन दिवसांची मेहनत वाया गेली. रडारच्या उत्तरेला सुमारे १०० मैलांवरून एक आडवा हवाई मार्ग जात होता. दुपारच्या रेकॉर्डिंगमध्ये त्यावरचे प्लॉट (रडारनं एका फेरीत टिपलेली विमानाची जागा म्हणजे प्लॉट) एडीएस-बीच्या तुलनेत दीडशे मीटर पश्चिमेला दिसले. कोनाची चूक आहे असं ठरवून आम्ही उत्तर दिशेची दुरुस्ती ०.०५ अंशांनी बदलली. दुपारचा डेटा सुरेख जुळला. रात्रीचं रेकॉर्डिंग उघडलं तर चूक दुप्पट, तीनशे मीटर, आणि पूर्वेला.

दुपारी त्या मार्गावरची बहुतेक विमानं पूर्वेकडे जात होती, रात्री पश्चिमेकडे. दोन्ही वेळा प्लॉट विमानाच्या मागे पडत होते. रेकॉर्डरचं घड्याळ सहा दशांश सेकंद पुढे होतं, एवढीच गोष्ट. ४८० नॉटच्या (ताशी नॉटिकल मैल) वेगानं विमान सेकंदाला जवळपास २४७ मीटर जातं, त्यामुळे ०.६ सेकंदांत दीडशे मीटर. कोन मुळात बरोबरच होता.

तेव्हापासून मी हा तक्ता टेबलावर चिकटवून ठेवते:

- चूक विमानाच्या दिशेनुसार बाजू बदलते: घड्याळ
- चूक सगळ्यांची एकाच फिरत्या दिशेला आणि अंतराबरोबर वाढणारी: उत्तर दिशा
- चूक सगळ्यांची सारखीच, रडारपासून बाहेर किंवा आत: अंतरमापन

घड्याळ जुळल्याशिवाय दुसऱ्या कशालाही हात लावू नका.

५. रोजच्या वाहतुकीवर मोजा, आणि सरासरीवर थांबू नका

सर्वांत जास्त डेटा फुकट मिळतो, रोजच्या विमानांकडून. किमान दोन आठवडे घ्या. दिवस-रात्र, दोन्ही चॅनल, चांगलं आणि वाईट हवामान, सगळं त्यात यायला हवं.

पहिला सापळा छेदाचा, म्हणजे टक्के काढताना ज्या संख्येनं भागतो तिचा आहे. विमान शंभर फेऱ्यांत किती वेळा दिसलं हे काढताना शंभर फेऱ्या कुठून मोजता? रडारच्या स्वतःच्या ट्रॅकवरून, म्हणजे त्यानं प्लॉट जोडून काढलेल्या वाटेवरून मोजल्या तर जे विमान रडारला कधीच दिसलं नाही ते हिशोबातच येत नाही. छेद नेहमी बाहेरच्या संदर्भातून घ्या.

दुसरा सापळा नमुन्याचा. १०० प्लॉटवर काढलेल्या ९७ टक्क्यांत साधारण साडेतीन टक्के इकडेतिकडे होऊ शकतं. १०,००० प्लॉटवर ही अनिश्चितता पाव-अर्ध्या टक्क्यावर येते. पण एकाच विमानाचे पाचशे प्लॉट म्हणजे पाचशे स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. त्याचा ट्रान्सपाँडर कमजोर असेल तर पाचशेच्या पाचशे खराब येतील. म्हणून अहवालात प्लॉटबरोबर विमानांची संख्याही द्या. प्रत्येक विमानाच्या वेगळ्या २४ बिटांच्या पत्त्यावरून खराब ट्रान्सपाँडर वेगळे काढता येतात, पण वगळण्याचा नियम पायरी १ मध्येच लिहिलेला असायला हवा.

तिसरा सापळा सर्वांत मोठा. आमचा एकूण आकडा ९८ टक्क्यांच्या वर होता, सगळे खूष होते. पडद्यासमोर बसलेल्या एका कंट्रोलरनं काचेवर बोट टेकवलं आणि म्हणाला, “इथे. इथे आलं की लेबल सुटतं. थांबा, पुढचं विमान येऊ द्या.” आम्ही थांबलो. चार मिनिटांनी विमान आलं. एक फेरी गेली, दुसरी गेली, तिसरीही गेली. लेबल जागेवर गोठलं, मग पुसलं गेलं आणि विमान पुढे जाऊन नव्यानं उगवलं. त्यानं बोट काचेवरून काढलंच नव्हतं.

हिशोब करा. १२ सेकंदांची फेरी, ४८० नॉटचा वेग, म्हणजे एका फेरीत १.६ मैल. सलग तीन फेऱ्या चुकल्या तर दोन दर्शनांमध्ये ४८ सेकंद आणि ६.४ मैल जातात. राखायचं अंतर ५ मैल आहे. दर फेरीला ३ टक्के शक्यतेनं निव्वळ योगायोगानं सलग तीन चुका दहा लाखांत सत्तावीस वेळा व्हाव्यात. एकाच जागी रोज होत असतील तर तो योगायोग नाही. तिथे काहीतरी आहे.

म्हणून चुकलेला प्रत्येक प्लॉट नकाशावर ठिपक्यासारखा मांडा. ठिपके विखुरलेले असतील तर ठीक. ते पुंजक्यात, एका अरुंद दिशेत किंवा एका ठरावीक अंतरावर जमले तर सरासरी कितीही चांगली असो, टेस्ट तिथे थांबवून शोध घ्या. मला विचाराल तर संपूर्ण टेस्टमधलं सर्वांत मोलाचं पान हे ठिपक्यांचं.

६. टेस्ट फ्लाइट नेमकी कशासाठी

विमान उडवणं महाग आहे, म्हणून रोजची वाहतूक जिथे जात नाही तिथेच ते वापरा: कमी उंची, डोंगरांच्या कडा, पल्ल्याची टोकं. प्रायमरीसाठी लहान विमान घ्या. मोठ्या प्रवासी विमानाचा प्रतिध्वनी इतका दणकट असतो की त्यावरून दुबळ्या प्रतिध्वनीबद्दल काहीच कळत नाही.

रडारकडे सरळ येणारं आणि दूर जाणारं उड्डाण असतंच. पण आडवं उड्डाणही ठेवा. प्रायमरी रडार स्थिर वस्तू गाळण्यासाठी रडारच्या दिशेतला वेग पाहतं. विमान आडवं गेलं की तो वेग शून्याच्या जवळ येतो आणि रडार त्याला टेकडी समजून गाळू शकतं. उलट सरळ येणाऱ्या विमानासाठी अंध वेग असतात, म्हणजे ज्या वेगांवर ते स्थिर वस्तूसारखं दिसून गाळलं जातं. स्पंदनांमधलं अंतर बदलतं ठेवून ते टाळलेले असतात, पण टाळले गेलेत का ते पाहणं तुमचं काम.

वैमानिकाला आधीच सांगा की वळणं सावकाश आणि ठरलेल्या जागीच घ्यायची. विमान कललं की पोटाखालचा ट्रान्सपाँडरचा अँटेना झाकला जातो आणि प्लॉट सुटतात. तो दोष रडारचा नसतो. प्रायमरीचं यश मोजताना ॲस्टेरिक्समधला प्लॉटचा प्रकार पाहा. पडद्यावर खूण दिसते म्हणजे प्रायमरीनंच पकडलं असं नसतं, ती नुसती सेकंडरीचीही असू शकते.

७. नसलेली विमानं, आणि असून न दिसणारी

एकच कोड, एकच उंची, पण दोन जागा: हे परावर्तन. ओळखण्याची खूण अशी की खोटा प्लॉट नेहमी खऱ्यापेक्षा दूर असतो, कारण लहर आरशासारख्या पृष्ठभागावर आपटून लांबच्या वाटेनं आली. त्याची दिशा म्हणजे त्या पृष्ठभागाची दिशा. त्या दिशेला दुर्बीण लावा, हँगर, टाकी किंवा नवी इमारत सापडेल.

दोन विमानं बीममध्ये एकाच वेळी आणि तिरक्या अंतरात दीड-पावणेदोन मैलांच्या आत आली तर मोड ए-सीची (सेकंडरीचा जुना प्रकार, कोड आणि उंची विचारणारा) उत्तरं एकमेकांवर चढतात, कारण एक उत्तर २०.३ मायक्रोसेकंद चालतं. मार्ग जिथे एकावर एक जातात तिथे कोड आणि उंची वेगळ्यानं तपासा.

प्रायमरीत पक्षी, पवनचक्क्यांची फिरती पाती, लांबच्या महामार्गावरची वाहनं येतात. निरभ्र, शांत रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार झाली की लहरी वाकून क्षितिजापलीकडची जमीन दाखवतात. टेस्टच्या काळात अशी एखादी रात्र मिळाली तर रेकॉर्डर बंद करू नका. असा डेटा मागून मिळत नाही.

आता असून न दिसणारी. मोड एस रडार विमानाशी एकदा ओळख झाली की त्याला सांगतं, माझ्या सार्वत्रिक हाकेला आता उत्तर देऊ नको. ही सूचना रडारच्या ओळख-कोडशी बांधलेली असते. शेजारच्या रडारचा कोड तोच असेल आणि क्षेत्र एकमेकांवर येत असेल, तर त्यानं गप्प केलेलं विमान तुमच्या रडारलाही उत्तर देत नाही. पडद्यावर त्या जागी काहीच नसतं, इशाराही येत नाही. म्हणून यादीत कोडचं पत्र आहे. कागदावरचा कोड आणि यंत्रात भरलेला कोड स्वतः ताडून पाहा.

८. कंट्रोलरना समांतर बसवा

जुन्या रडारवर खरं काम चालू आणि शेजारी नव्या रडारचा पडदा, अशी रचना करा. या काळात नव्या पडद्यावरून कुणालाही सूचना दिली जाणार नाही, हे लेखी असावं. वेगवेगळ्या पाळ्यांतले, नवे आणि जुने, दोन्ही प्रकारचे कंट्रोलर घ्या. प्रश्नावली द्या, पण त्यांच्या मागे उभं राहून पाहणं जास्त उपयोगी. कुणी लेबलाकडे दोनदा पाहिलं, कुणी पल्ला बदलून खात्री केली, की वेळ टिपून घ्या. नंतर ते रेकॉर्डिंगमध्ये शोधा.

९. मुद्दाम बिघाड करा

वीज तोडा, जनरेटर चालू होईपर्यंत काय होतं ते पाहा. चॅनल बदला. डेटा लाइन काढा. सॉलिड-स्टेट ट्रान्समीटर असेल तर काही मॉड्यूल बंद करून पल्ला किती घटतो ते मोजा. प्रायमरीचा पल्ला शक्तीच्या चौथ्या मुळानुसार बदलतो, त्यामुळे शक्ती अर्धी झाली तरी पल्ला ८४ टक्के उरतो. २०० मैलांचे १६८ होतात. पडद्यावर सहज लक्षात येत नाही, म्हणून इशारा वेळेवर आला की नाही हे पाहणं गरजेचं.

दुरुस्ती नेहमीच्या टेक्निशियनला करू द्या, पुस्तिका हातात देऊन. उत्पादकाचा इंजिनिअर शेजारी उभा असेल तर त्यानं बोलायचं नाही. टेक्निशियन पुस्तिकेत कुठे अडला ते पान क्रमांकासह लिहा. अँटेनाच्या मजल्यावर जाण्याआधी फिरणं आणि प्रसारण दोन्ही कुलूपबंद करून किल्ली वर जाणाऱ्याच्या खिशात. इथे कुणाच्याही घाईला मान देऊ नका.

तीन आठवड्यांत एकही बिघाड झाला नाही म्हणून ‘विश्वासार्हता सिद्ध’ असं लिहू नका. तीन आठवडे म्हणजे ५०४ तास. शून्य बिघाडांवरून ९५ टक्के खात्रीनं इतकंच म्हणता येतं की दोन बिघाडांमधला सरासरी काळ सुमारे १६८ तासांपेक्षा जास्त आहे. करारात २,००० तास असतील तर त्यासाठी लांब काळाच्या नोंदी लागतील, आणि अहवालात तेच लिहायचं.

१०. त्रुटींची वही आणि शेवटचं रेकॉर्डिंग

प्रत्येक त्रुटीला क्रमांक, वेळ, रेकॉर्डिंगचं नाव आणि दर्जा द्या: वापर सुरू करण्याआधी दुरुस्त व्हायलाच हवी अशी, तात्पुरता उपाय चालेल अशी, आणि फक्त नोंदवायची. दर्जा ठरवताना कंट्रोलर आणि टेक्निशियन दोघंही खोलीत हवेत. दुरुस्तीनंतर सॉफ्टवेअर बदललं असेल तर फक्त ती त्रुटी तपासून थांबू नका, ठिपक्यांचा नकाशा आणि घड्याळाची तपासणी पुन्हा करा. एका दुरुस्तीनं दुसरीकडे काही हललेलं मी दोनदा पाहिलंय.

सगळं मान्य झाल्यावर त्याच अंतिम सेटिंग्जवर २४ तासांचं एक रेकॉर्डिंग घ्या. सेटिंग्जची छापील प्रत, सूर्याच्या तपासणीचे आकडे आणि आकाशरेषेचा आलेख त्याच्याबरोबर एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि त्याची एक प्रत रडारच्या जागेवर, टेक्निशियनच्या कपाटात असू द्या. दोन वर्षांनी कुणी फोन करून विचारेल की वायव्येला विमानं आधीपासूनच अशी सुटायची का. तेव्हा ते फोल्डर उघडायचं.